फुल बाह्यांचा शर्ट

अक्षदा उसातली खुरपणी उरकून दारात आली, तर धाकटा दीर भरत मंचरच्या बाजारातून आणलेला व्हिडीओ गेम टीव्हीला जोडून बसलेला. शेजारी तिची चिमुरडी लेक दिशा. पडद्यावर लढणारे सगळे गडी, त्यात एकच बाई. दिशानं नेमकं तिच्यावरच बोट ठेवलं.

"ती नको घेऊ, राव!" भरत म्हणाला. " ती नुसती बघायला ठेवलीय. बाई घेतली की हरलीस म्हणून समज."

गड्यांच्या अंगात चिलखतं होती, बाईच्या अंगावर चिंधीएवढं कापड. दिशानं आईकडं वळून अगदी मनापासून विचारलं, "आई, बाईला लढायचं असलं की कपडे काढावे लागतात का गं?"

भरत मान खाली घालून उगाच बटणं दाबू लागला. अक्षदाच्या अंगात साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट होता, डोक्याला टॉवेल आवळलेला. तिनं पडदा नीट न्याहाळला.

"भावजी, हिला एकदा आपल्या उसात धाडा. एका सरीत पाल्यानं अंग सोलून निघंल. हिला नटवणाऱ्यानं बाई कामाला भिडलेली कधी बघितलीच न्हाई."

शर्ट-टॉवेल खुंटीला अडकवून ती मोरीत गेली. हातपाय धुऊन आली, तर खुंटी रिकामी. पुढच्या खोलीत भरतच्या पाठीत दणकन गुद्दा बसला होता. त्याच्यामागं दिशा उभी होती. घोट्यापर्यंत लोंबणारा घामट शर्ट, डोक्याला आवळलेला टॉवेल, वळलेल्या मुठी.

"ऊठ, काका. मी बाईच घेतलीय."