डावा हात

डॉ. इंदुमती शेडबाळे यांची बोटं शबानाच्या काखेत, अगदी वरच्या कोपऱ्यात थिजली. सुपारीएवढी गाठ होती.

"तीन वर्षं यंत्रानं काही नाही म्हणूनच सांगितलं, मॅडम," शबाना म्हणाली. ती त्यांचीच विद्यार्थिनी, आता स्वतः कॅन्सरची डॉक्टर. "हात जड वाटायला लागला, म्हणून तुमच्याकडे आले."

यंत्र म्हणजे इंदुमतीबाईंचाच हात. त्यांचा चाळीस वर्षांचा स्पर्श रबरी बोटांत जसाच्या तसा उतरवला होता. गावोगावच्या दवाखान्यांत आता तोच हात बायकांच्या छातीत, काखेत कॅन्सरच्या गाठी शोधायचा.

बाईंनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. त्यांच्या उजव्या हाताचं एक बोट लहानपणी मोडलेलं. ते त्या कोपऱ्यात वळत नसे. तिथे त्या सवयीनं डावा हात घालायच्या, आत्ता घातला तसाच. यंत्रासाठी मात्र फक्त उजवा हात मागितला होता, आणि त्यांनी तो कौतुकानं दिला होता.

त्यांनी यंत्रं चालवणाऱ्या कंपनीला फोन लावला. "यंत्रं बंद करा! सगळी, आत्ताच्या आत्ता!"

"का हो, बाई?" पलीकडून उत्साहात आवाज आला. "आज सकाळपासून अकरा हजार बायका तपासल्या. सगळ्या हसत घरी गेल्या."