गरीब आजीचं लोणचं

"आई, पाटल्या काढ आणि हे नेस," म्हणत लेकाने ठिगळ लावलेलं लुगडं पुढे टाकलं. मोबाइलवर माझी लोणची विकतो तो. परदेशातल्या मराठी पोरांना म्हणे गरीब आजीच्या हातचंच लोणचं लागतं.

"असल्या चिंधीने माझ्या घरात मोरीसुद्धा पुसत नाहीत!"

"श्रीमंत आजीचं लोणचं कोण घेतं, आई?"

पोटच्या पोरासाठी काढल्या पाटल्या. अंगणात मुद्दाम चूल मांडली होती, तिच्यापुढे बरणी घेऊन बसले, कॅमेऱ्याला हात जोडले. लोणचं हातोहात खपलं.

काल धाकटी जाऊ दारात उभी. जन्मभर माझ्या पैठण्यांवर जळली ती. पिशवीतून स्वतःची वापरलेली साडी काढून तिने माझ्या हातात ठेवली. "व्हिडिओ पाहिला, जाऊबाई. एवढी वेळ आली होती तर कळवायचं तरी!"

खरं सांगावं, तर लेक साऱ्या भावकीत खोटारडा ठरतो. गप्प राहावं, तर मी भिकारीण. आयुष्यात पहिल्यांदा जावेसमोर माझे डोळे वाहायला लागले.

मागून लेक मोबाइल धरून धावत आला. "आई, डोळे पुसू नकोस! काकू, ती साडी परत एकदा द्या."