चमचाभर युरिया

"अहो, माशांच्या टाकीतल्या झाडांची जुनी पानं पिवळी पडून त्यांना भोकं पडलीत. पोटॅशियम कमी पडलंय. दुकानातून तेच खत आणू या," चारुशीला म्हणाली.

विश्रामराव हसले. "कृषी खात्यात जन्म गेला माझा. पानं पिवळी पडली की नायट्रोजन द्यायचं." ती नको नको म्हणत असताना त्यांनी कुंड्यांसाठी आणलेला युरिया चमचाभर माशांच्या टाकीत टाकला.

दोन दिवसांत मासे वर येऊन तडफडू लागले. चारुशीलाने बादल्या भरभरून पाणी बदललं, तरी लेकीने हौसेने पाळलेले मासे एकेक करून मेले.

रविवारी हॉस्टेलवरून लेकीचा व्हिडिओ कॉल आला. तिला आईच्या मागची टाकी रिकामी दिसली. "आई, माझे मासे कुठे गेले?"

"माझ्या हातून चुकीचं खत पडलं गं."

"कळत नाही तर हात कशाला लावतेस? बाबांना विचारायचंस ना!"

चारुशीला मान खाली घालून ऐकत राहिली. शेजारी बसलेल्या विश्रामरावांचे कान तापले. त्यांनी तिच्या हातून फोन घेतला, पण लेकीच्या डोळ्यांत बघवेना.

"तिला बोलू नकोस," ते कसेबसे म्हणाले. "ती नको म्हणत होती. खत मी टाकलं."