डाव्या कोपऱ्यातले अठ्ठावीस

शिडीची आई दुपारच्या सुट्टीत कापडाच्या दुकानातून तशीच निघून आली होती. मोजायची टेप गळ्यातच राहिली होती. बास्केटबॉल हॉलच्या जिन्याखालच्या खोलीत संघाचे आकडे ठेवणाऱ्या आकडेबाईंनी तिला खुर्ची दिली आणि तयार करून ठेवलेला कागद पुढे सरकवला.

शिडी म्हणजे संघातली सगळ्यात उंच मुलगी. तिला जाऊन पाच महिने झाले होते. रविवारी तिच्या आठवणीत सामना होता आणि पत्रकावर छापायला तिचे आकडे हवे होते. संघाच्या प्रशिक्षक सरांनी आकडेबाईंना सकाळीच बजावलं होतं, की चांगलं आहे तेवढंच द्या, शेवटचं काही उकरून काढू नका, त्या माउलीला आणखी त्रास नको.

कागदावर लिहिलं होतं: दोन हंगाम, सहाशे बारा शॉट, दोनशे ब्याऐंशी आत. शंभरात सेहेचाळीस.

आईने तो वाचला. मग बोट ठेवून पुन्हा वाचला.

"यात शेवटचे आठ सामने आहेत?"

हो म्हणणं सोपं होतं. "नाहीत," आकडेबाई म्हणाल्या.

"मग तेही दाखवा, बाई. त्यांच्यावरूनच काढलं ना तिला संघातून?"

त्यांच्यावरूनच काढलं होतं. आठ सामन्यांत चौसष्ट शॉट आणि वीसच आत. शंभरात एकतीस. नशीब फिरलंय की हात गेलाय, असं सरांनी तेव्हा विचारलं होतं. खरं तर आकडेबाई नेहमी मुलींच्या बाजूने भांडायच्या. नाण्याचासुद्धा ओळीने पाच वेळा छापा पडतो, चार सामन्यांवरून कुणाला बसवू नका, हे त्या दर हंगामाला सरांना ऐकवत. त्या वेळी मात्र त्यांनी रीतसर गणित मांडलं. एवढी घसरण निव्वळ योगायोगाने होण्याची शक्यता शंभरात एक निघाली. हे नशीब नाही, असं त्यांनी सांगितलं. ते बरोबरच होतं. नशीब नाही तर मग काय, हे सरांनी विचारलं नाही. आकडेबाईंनाही सुचलं नाही.

शिडीने त्या आकड्यांवर वाद घातला नव्हता, असं आई सांगू लागली. माझ्यातच आळस शिरला असेल, म्हणाली. रोज पहाटे उठून दोनशे शॉट जादा मारायला लागली. डोकं दुखायचं, पण ते दमण्यामुळे, असं घरात सगळ्यांनीच धरून चाललं. असे सात आठवडे गेले आणि एके दिवशी ती रस्त्यातच कोसळली. डोक्यातली गाठ सापडली तेव्हा लिंबाएवढी झाली होती. डॉक्टर म्हणाले, हिला बऱ्याच दिवसांपासून डावीकडचं दिसत नसणार. ते इतकं हळूहळू जातं, की ज्याचं जातं त्यालाही कळत नाही.

आकडेबाईंना कपाट उघडावं लागलं नाही. त्या आठ सामन्यांचा कागद टेबलाच्या खणात अगदी वरच होता. पाच महिने तिथेच होता. या पाच महिन्यांत त्यांना एक खोडच लागली होती. कुणाचे चार शॉट चुकले, की त्या तिला डोळे तपासून ये म्हणायच्या. मुली हसायच्या.

कागदावर मैदानाचा नकाशा होता. जिथून शॉट मारला तिथे खूण, आत गेला तर गोल, चुकला तर फुली. मधून आणि उजवीकडून छत्तीस शॉट, त्यांतले सतरा गोल. म्हणजे शिडी होती तशीच होती. डाव्या कोपऱ्यात मात्र फुल्यांवर फुल्या पडल्या होत्या. अठ्ठावीस शॉट, गोल तीन.

"मी नुसती बेरीज करून दिली," आकडेबाई म्हणाल्या. "कुठून चुकतंय ते बघितलं नाही. ती गेल्यावर बघितलं."

आईला ते नीट कळलं नसावं. आकडेबाई उठल्या आणि तिला बाहेर मैदानात घेऊन गेल्या. हॉलमध्ये कुणी नव्हतं. त्यांनी तिला डाव्या कोपऱ्यात उभं केलं आणि समजावलं, की पास मैदानाच्या मधून येतो, म्हणून नजर तिकडे लागते. बास्केट डाव्या हाताला राहते. चेंडू हातात आला की डावीकडे वळायचं, नेम धरायचा आणि मारायचा. एवढ्याला एक क्षण मिळतो.

आईने मैदानाच्या मधोमध नजर लावली. मग डावा हात उचलून डोळ्याच्या कडेला आडवा धरला.

"मग ते तीन कसे गेले आत?" तिने विचारलं.

"हाताच्या सवयीनं," आकडेबाई म्हणाल्या. "दिसत नसताना."

आईने मान हलवली. हात मात्र खाली घेतला नाही.

"त्या दिवसांत तिनं घरात पाच कप फोडले," ती म्हणाली. "मी तिला धांदरट म्हटलं. कप कुठल्या बाजूला होता, ते नाही बघितलं."