पुढच्या खुर्चीतला माणूस

गाडीची दारं मिटली आणि बाई नेमक्या त्याच्या खुर्चीशेजारचा दांडा धरून उभ्या राहिल्या. गळ्यातल्या ओळखपत्रावरून त्यानं ओळखलं, याच त्या, मुख्य कचेरीतल्या. काल निरोप आलाच होता: मॅडम येतील, एक फेरी करतील आणि पुढच्या खुर्चीत माणूस हवा की नको ते ठरवतील.

विमानतळाच्या एका इमारतीतून दुसरीत जाणारी ही गाडी आपली आपण चालायची. स्टिअरिंग नाही, ब्रेक नाही, पुढे नुसती काच. सुरुवातीला लोक चढायलाच घाबरायचे, म्हणून कचेरीनं बसवरून निवृत्त झालेल्या या ड्रायव्हरला गणवेश आणि टोपी देऊन काचेजवळ बसवलं. काम एकच, बसायचं. कशालाही हात लावायचा नाही.

"जावयाची नोकरी लागली म्हणा की तुम्हाला!" बायको म्हणाली होती. तो हसला होता. पण रोज सकाळी टोपी घालताना त्याला खरोखर बरं वाटायचं. बिनकामाचं घरात बसण्यापेक्षा बिनकामाचं गाडीत बसणं केव्हाही चांगलं. लोक निदान काका म्हणून हाक तरी मारायचे.

आज मेलं कोणी हाकही मारीना. सगळ्यांच्या माना फोनमध्ये. एरवी कोणी ना कोणी सामान कुठे मिळतं एवढं तरी विचारायचं. बाईंनी डबाभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "सवय झालेली दिसते लोकांना."

"झालीय, मॅडम," तो म्हणाला. खोटं कशाला बोला? संपलं आपलं, त्यानं मनाशी म्हटलं.

तेवढ्यात दोन इमारतींच्या अधेमध्ये, उंच पुलावर, गाडी थांबली.

"गाडी थोड्याच वेळात सुरू होईल," स्पीकरमधला गोड आवाज म्हणाला. त्यावर कोणाचा विश्वास बसला नाही. फोन खाली आले. एका आजीबाईंनी नातीला जवळ ओढलं. "बंद पडली की काय?" मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळे डोळे एकदम पुढच्या खुर्चीकडे वळले.

आता याला काय डोंबल माहीत? आजीबाईंना जेवढं ठाऊक होतं तेवढंच त्याला. उजवा पाय आपसूक ब्रेक शोधत होता. त्यानं तो पाय उचलून दुसऱ्यावर टाकला. टोपी जराशी मागे सारली, घड्याळ पाहिलं आणि तोंडापुढे मूठ धरून चांगली लांबलचक जांभई दिली.

माना पुन्हा फोनमध्ये गेल्या. आजीबाईंनी नातीची सुटलेली वेणी घालायला घेतली. दांड्यावरची बाईंची मूठ पांढरी पडली होती, तीही हळूहळू सैल झाली. मग गाडी हलली.

"का थांबली होती?" बाईंनी हळूच विचारलं.

"कोणाला ठाऊक!"

"मग जांभई कशी आली तुम्हाला?"

"आली कुठली, दिली. बस चालवताना खरी यायची, ती गिळावी लागायची, मॅडम. ड्रायव्हरनं जांभई दिली की मागे पन्नास जणांच्या पोटात गोळा. इथे उलटं आहे."

दुसरी इमारत आली, लोक उतरले. बाईंना आता परत जायचं होतं. समोरच्या फलाटावर दुसरी गाडी दारं उघडून उभी होती. तिच्यावरचा माणूस गेल्याच महिन्यात कमी केला होता. बाई तिच्यापाशी गेल्या, एक पाय आत ठेवला, पुढच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि पाय मागे घेतला. गाडी त्यांच्यावाचून निघून गेली.

त्या परत आल्या आणि त्याच्या मागच्याच जागेवर बसल्या.

"निघायचं?" त्यांनी त्याला विचारलं.

"दारं मिटू देत, मॅडम," तो म्हणाला, "की निघालोच."