निनादच्या बदल्यात

“निनादला अमरावतीच्या संघाला देऊन टाकलं अन् बदल्यात दोन उंच पोरं आणली! यंदाचा सीझन गेला बाप्पा!” बास्केटबॉल कोर्टाच्या पायऱ्यांवर सगळे हेच बोलत होते. सगळ्यांचं एकमत होतं, म्हणून चर्चेत काही दम नव्हता.

माझ्या शेजारची जागा मी सवयीने रुमाल टाकून धरली होती. ती वैरागडेची. मी संघाला नावं ठेवली की तो संघाची बाजू घ्यायचा. मी कौतुक केलं की तोंड वाकडं करायचा. नागपुरात बास्केटबॉलपेक्षा आमचं भांडण ऐकायलाच लोक लवकर येत. दिवाळीनंतर मुलीने त्याला कायमचं बंगळुरूला नेलं.

मी फोन लावला.

“निनाद गेला बे. बरंच झालं. बास्केटपेक्षा आरशातच जास्त पाहायचा तो.”

मला स्वतःलाच हे पटत नव्हतं. पण निनादवर वैरागडेचा भारी जीव. त्याच्याविरुद्ध एक शब्द काढला की तो माझ्या अंगावर यायचा. आता ओरडेल म्हणून मी फोन कानापासून जरा लांबच धरला.

पलीकडे टीव्ही चालू होता. मग हळूच वैरागडेचा आवाज आला.

“असंन बा. तू म्हणतोस तं तसंच असंन.”

“अबे, तो नसला तर आपण हरणार ना!” मीच ओरडलो.

“हो, तेही खरं आहे,” तो म्हणाला.

सामना सुरू होत होता. कोणीतरी जागा शोधत वर आलं. मी रुमाल उचलून घेतला.