आखूड बाही

साहेबांनी उपप्रमुखाला लाकडाची वखार सांगितली, टंकलेखिकेला गोदीतली शेड आणि ड्रायव्हरला बंद पडलेली गिरणी. तिन्ही जागा खोट्या. प्रत्येकाला एकेकटं बोलावून एवढंच म्हणाले, "मास्तर तिथे लपलाय. तुझ्या-माझ्यातच राहू दे."

मास्तर हा सीमेपलीकडे उरलेला त्यांचा शेवटचा हेर. बाकीचे एकामागून एक धरले गेले आणि भिंतीशी उभे करून गोळ्या घालून मारले गेले. साहेबांनी हेरखातं शून्यातून उभं केलं होतं आणि त्याच खात्याला आतून कीड लागली होती. आता शत्रू ज्या जागेवर धाड घालील, ती जागा ज्याला सांगितली, तोच फितूर.

मास्तरची खरी जागा साहेबांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. त्याचे संदेश साहेब स्वतः उलगडत आणि कागद तिथल्या तिथे जाळत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते घरी नेहमीसारखे देवापुढे उभे राहिले. लढाई पेटल्यापासूनचा हा नेम. आपल्या माणसांसाठी मागायचं, तेही एकेकाचं वेगळं. डोळे मिटले की पुटपुटणं संपे आणि आवाज मोकळा होई.

"देवा, मास्तर नदीकाठच्या चुनाभट्टीत आहे रे. छातीचा नाजूक आहे पोरगा. तुझ्यावाचून कोण आहे त्याला तिथे?"

"अरे, देवाला पत्ते कसले सांगतोस?" खिडकीशी विणत बसलेली आई म्हणाली. "तो काय पोस्टमन आहे?"

"सगळीकडे असतो ना गं तो, म्हणूनच त्याची धांदल फार. पत्ता दिलेला बरा."

आई हसली. धाकट्या लेकाचं विमान शत्रूच्या मुलखात पडलं, त्यानंतर ती क्वचितच हसे. ती बातमीही साहेबांनीच घरी आणली होती. तेव्हा तिने डोळ्यांतून टिपूस काढला नव्हता. फक्त त्याची खाट कुणाला हलवू दिली नव्हती.

"हात कर बघू पुढे." तिने विणकाम त्यांच्या मनगटाशी धरलं.

"बाही आखूड झाली की गं."

"बरोबर आहे," ती म्हणाली आणि पुन्हा सुया चालू केल्या. "दुपारी लोकरवाली यायचीय. तू आधी दोन घास खाऊन घे. नुसत्या काळजीवर किती दिवस जगशील?"

टेहळणीच्या विमानांनी काढलेले फोटो साहेबांनी त्या संध्याकाळी भिंगाखाली पाहिले, दुसऱ्या संध्याकाळीही पाहिले. वखार, शेड, गिरणी. कुठे चिटपाखरू फिरकलं नव्हतं. म्हणजे तिघेही चोख! साहेबांना भरून आलं. आपण कुणाकुणावर संशय घेतला, या विचाराने त्यांनी मनातल्या मनात कान पकडले.

तेवढ्यात दार न ठोठावताच उपप्रमुख आत आला. चेहरा पांढराफटक.

"साहेब, मास्तर गेला. शत्रूच्या रेडिओवर आत्ताच सांगितलं. नदीकाठच्या चुनाभट्टीला वेढा घातला म्हणे. पण तो तर वखारीत होता ना?"

साहेबांच्या हातून भिंग सुटलं.

"चुनाभट्टीचं कुणाला बोलला होतात तुम्ही?"

"कुणाला नाही. एका देवाशिवाय कुणालाही नाही."

"मग आता देवालाच बेड्या घालायच्या," उपप्रमुख कडवटपणे म्हणाला.

साहेब टोपी न घेताच बाहेर पडले.

घरी आई खिडकीशीच होती. शेजारी लोकरीच्या नव्या गुंड्यांचा ढीग, मांडीवर पुरा झालेला स्वेटर.

"आई," साहेबांनी स्वेटरकडे बोट दाखवलं. "हा कुणासाठी गं?"

तिने स्वेटरची घडी घातली. आखूड बाह्या आत दुमडून वरून हात फिरवला.

"धाकट्यासाठी. कोठडीत गारठा फार असतो. लोकरवाली पोचवते म्हणालीय." ती त्यांच्याकडे बघत नव्हती. "आणि या वेळी ते त्याला नक्की सोडणार आहेत रे."